‘येते’ म्हणू की ‘नाही’?

गणपती उठले, की आमच्या डोंबिवलीच्या घरातला फोन वाजू लागतो. एरवी भरदुपारी येणारा फोन ‘कर्ज हवे आहे का?’ असे विचारणाऱ्या एखाद्या मुलीचा असतो. पण भाद्रपद सरत आला, की वेगळे आवाज सुरू होतात. “ताई, नरक चतुर्दशीच्या पहाटे मोकळ्या आहात ना?” “पाडव्याला आमच्या सोसायटीत याल का?” दिवाळी पहाटेचे गाणे ही आता चकली-चिवड्यासारखी गल्लोगल्लीची गोष्ट झाली आहे. मग पंधरा-वीस दिवस माझी अवस्था पूर्वीच्या उपवर मुलीसारखी होते. स्थळे येत असतात. कोणते पत्करावे आणि कोणाला नारळ द्यावा हे सांगायला वडीलधारे मात्र कोणी नसते.

मी गाणारी बाई आहे. ख्याल गाते, नाट्यपदे गाते, अभंग गाते. रेडिओच्या नोकरीत नाही, कॉलेजच्या पगारपत्रकावर नाही, माझ्या वतीने बोलणारा कोणी व्यवस्थापक नाही. फोन मीच उचलते, बिदागीचे मीच बोलते आणि गाडीवाल्याशी घासाघीसही मीच करते. आमच्या ह्यांनी बँकेत छत्तीस वर्षे काढली. “पुढच्या महिन्यात घरात किती येतील?” या प्रश्नाला “बघू या” असेही उत्तर असू शकते, हे त्यांना लग्नाला तीस वर्षे झाली तरी पटलेले नाही. आमचे गाणे किराणा घराण्याचे; पण किराणा दुकानदार महिनाअखेरीला घराणे विचारीत नाही, हे त्यांचे आवडते वाक्य. दर गुरुपौर्णिमेला माझ्या शिष्यांसमोर ते एकदा तरी म्हणतातच.

लोकांना वाटते, गवयाची अडचण म्हणजे बोलावणी न येणे. पहिली दहा वर्षे ती खरीच होती. तेव्हा ठरवण्याचा प्रश्नच नव्हता. जो बोलावील त्याच्याकडे जायचे. बारशी झाली, मुंजी झाल्या, पतपेढ्यांचे वर्धापनदिन झाले. एकदा तर फरशा आणि नळ विकणाऱ्या दुकानाच्या उद्घाटनाला, दोन बेसिनांच्या मधोमध बसून, मी भूप गायले आहे. मालकांनी फार प्रेमाने ऐकले. पाकिटाबरोबर एक साबणदाणीही दिली. ती अजून आमच्या न्हाणीघरात आहे. खरी अडचण त्यानंतर सुरू झाली. एकाच तारखेला दोन बोलावणी येऊ लागली तेव्हा. आणि त्याहूनही, एकच बोलावणे आले पण ते घ्यावेसे वाटेना तेव्हा.

माईंची वही

माझ्या गुरू गिरगावातल्या एका चाळीत दोन खोल्यांत राहत. आम्ही त्यांना माई म्हणत असू. त्यांच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, लाल कापडी पुठ्ठ्याची एक वही होती. वाण्याकडे उधारीची असते तसली लांबट. तिच्यात त्यांनी १९५७ सालापासूनचा आपला प्रत्येक कार्यक्रम मांडून ठेवला होता. तारीख, गाव, काय गायले, साथीला कोण, बिदागी किती. आणि शेवटी एक अरुंद रकाना. त्यावर लिहिले होते, ‘पुन्हा?’

पहिल्या पानांवर रेडिओच्या नोंदी जास्त. १९५२ साली आकाशवाणीने चाचणी घेऊन कलावंतांच्या श्रेणी ठरवायला सुरुवात केली. चाचणी कोणी कोणाची घ्यायची, म्हणून पुष्कळ गवयांना त्याचा राग आला, वादही झाले. पण माईंसारख्या, संस्थाने विलीन झाल्यावर गायला लागलेल्या मध्यमवर्गातल्या मुलींना रेडिओ हा मोठाच आधार वाटला. रक्कम थोडी, पण चेक ठरल्या वेळी येई आणि नाव घरोघर पोहोचे. बिचाऱ्या पेटीवाल्यांना तेवढेही नव्हते. १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला मज्जाव होता. तो सैल व्हायला १९७१ साल उजाडले. माईंच्या घरी पेटीची साथ करायला येणारे गृहस्थ रेडिओचे नाव निघाले, की पानाचा डबा उघडत आणि तोंड भरून घेत.

त्या वहीतल्या काही नोंदी मला अजून पाठ आहेत.

‘नागपूर. मारुबिहाग, बसंत. थंडी फार. लोक उठले नाहीत. पुन्हा : हो.’

‘मुंबई, लग्न. बिदागी दुप्पट. कोणी ऐकले नाही. यजमानीणबाईंनी हार दाखवला. पुन्हा : नाही.’

‘पुणे, घरगुती बैठक. अकरा माणसे. बिदागी नाही, साडी. त्यांत तिघे जाणते. पुन्हा : बोलावतील तेव्हा.’

‘सोलापूर. यमन बिघडला. चूक माझीच. पुन्हा : मागून घ्यावे.’

हा शेवटचा रकाना माई कार्यक्रमाच्या रात्री कधीच भरीत नसत. “रात्री टाळ्या कानात असतात गं,” त्या म्हणायच्या, “सकाळी तंबोरा घेऊन बसलं, की मग खरं काय ते कळतं. आदल्या दिवशीच्या गाण्यानं गळा मोकळा झालाय की बसलाय, आणि आज रियाजाला बसावंसं वाटतंय की नाही.” बिदागीचा आकडा त्या त्याच रात्री लिहीत, त्याला सकाळची गरज नसे.

मात्र काही नोंदींपुढे हो किंवा नाही यांपैकी काहीच नव्हते. तिथे लिहिलेले असे, ‘तबलजींना विचारावे.’ मी तेव्हा विशी-बाविशीतली. मला हसू आले. गायचे आपण आणि विचारायचे तबलजीला? माई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “गाणारीचं पोट थोडंफार गाण्यानंही भरतं. ठेका धरणाऱ्याचं पोळीनंच भरावं लागतं.”

वाक्य मी ऐकले, आणि पंधरा वर्षे विसरून गेले.

चाळीस हजारांची गोष्ट

माईंच्या वहीत जे लिहिलेले नव्हते ते ह्यांनी माझ्या वहीत आणले. माझी वही मी १९९५ साली सुरू केली. काही वर्षांनी ह्यांनी ती पाहिली आणि ‘बिदागी’च्या शेजारी बारीक अक्षरात आणखी एक रकाना आखला. त्यावर लिहिले, ‘उरले’.

त्याचा एकच मासला देते. काही वर्षांपूर्वी एका शहरात माझे गाणे झाले. बिदागी ४०,००० रुपये. शेजारच्या वहिनी म्हणाल्या, “एका संध्याकाळचे चाळीस हजार! आमच्याकडे महिनाभर राबून...” त्यांचे वाक्य त्यांनी अर्धवटच सोडले. आता हिशेब पाहा. तबलजींचे ८,०००, पेटीवाल्यांचे ८,०००, तंबोऱ्यावर बसलेल्या दोघी मुलींचे मिळून ४,०००, गाडी, टोल आणि ड्रायव्हरचे जेवण धरून ९,०००. हे झाले २९,०००. कराचे दहा टक्के, म्हणजे ४,०००, संस्थेने आधीच कापून घेतले. उरले ७,०००. त्यासाठी दोन तालमी, आदल्या दिवशीचे मौन, एक दिवस प्रवास आणि दुसऱ्या दिवशी अवघडलेली पाठ. बरे, ते सात हजार तरी हातात होते म्हणावे, तर तेही नाही. “चेक पुढच्या आठवड्यात निघेल” म्हणाले आणि निघाला तिसऱ्या महिन्यात. साथीदारांना मी त्याच रात्री पैसे दिले होते; म्हणजे ते तीन महिने मीच त्या संस्थेला कर्ज देऊन बसले होते, असे ह्यांनी दाखवून दिले. व्याजही काढून दाखवले.

त्याच महिन्यात घरापासून दहा मिनिटांवरच्या एका शाळेत पालकांसाठी गायले. बिदागी १२,०००. तबला चार, पेटी चार, रिक्षा येऊन-जाऊन शंभर. उरले ३,९००, आणि रात्री दहाला घरी ताक-भात. सकाळी गळा इतका सुरेख लागला, की मी तोडीचा रियाज दोन तास केला. ‘पुन्हा?’पुढे मी काय लिहिले असेल ते सांगायला नको.

तेव्हापासून फोनवर रक्कम ऐकली, की मी लगेच खूश किंवा नाखूश होत नाही. माणसे किती, ध्वनिक्षेपक कोणाचा, गाडी कोणाची, राहायची सोय काय, आधी भाषणे किती आणि सत्कार किती, हे विचारून घेते. (पहिल्या सत्काराला आणि पहिल्या आलापाला यांच्यात सव्वा तास गेलेला मी पाहिला आहे, तोवर तबला उतरलेला असतो आणि श्रोतेही.) निम्मी रक्कम आधी मागते. पहिल्यांदा मागितली तेव्हा जीभ अडखळली. आपल्याकडे गाणाऱ्या बाईने पैशाचे बोलणे अजूनही थोडे अप्रशस्तच समजतात. पण आश्चर्य असे, की नीट बोलावणाऱ्या माणसांना त्याचे काहीच वाटत नाही. ज्यांना वाटते, त्यांचा चेक तिसऱ्या महिन्यातच येणार असतो.

काकांच्या घरचे तिळगूळ

आता मला न सांगता आली तर बरी अशी एक गोष्ट सांगते.

२००९ च्या लग्नसराईत एका बड्या घरच्या स्वागतसमारंभाचे बोलावणे आले. मुंबईतले मोठे हॉटेल. बिदागी माझ्या तेव्हाच्या बिदागीच्या तिप्पट. मी ‘बहुतेक येते’ म्हणाले आणि साथीला असणाऱ्या तबलजी काकांना तारीख धरून ठेवायला सांगितले. काका माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे. पण मला ताई म्हणतात, आणि मी त्यांना काका. पुढे यजमानांकडून पुन्हा फोन आला. “ताई, लोक जेवत असतील. मागे आपलं हलकं-हलकं चालू राहू द्या. मध्ये-मध्ये घोषणा होतील तेव्हा थांबायचं.” माझे डोके फिरले. “मी ताटवाट्यांच्या मागे गात नाही,” असे ठणकावून सांगून मी फोन ठेवला.

पुढचा महिनाभर ही हकीकत मी भेटेल त्याला सांगत होते. दर वेळी माझे वाक्य थोडे अधिक बाणेदार होई. शिष्यांना सांगितली, भिशीत सांगितली. फक्त एका माणसाला सांगायची राहिली. काकांना मी ती तब्बल बारा दिवसांनी, तेही दुसऱ्याच कामासाठी फोन केला तेव्हा, बोलता-बोलता सांगितली. “बरं, बरं,” ते म्हणाले.

संक्रांतीला मी त्यांच्याकडे हळदीकुंकवाला गेले. काकूंनी तिळगूळ हातावर ठेवला तेव्हा त्यांच्या हातात पाटल्या दिसल्या नाहीत. मी सहज विचारले. काकू म्हणाल्या, “मुलीच्या कॉलेजची फी होती ना. ते हॉटेलातलं लग्न धरून हिशेब केला होता ह्यांनी. नाचाच्या क्लासचा एक कार्यक्रमही त्याच तारखेला होता. तो सोडला होता. मग ठेवल्या पाटल्या. सुटतील फाल्गुनात.” त्यांच्या बोलण्यात तक्रारीचा सूर अजिबात नव्हता. त्या पुढच्या बायकांना कुंकू लावायला वळल्यासुद्धा.

मी घरी आले आणि माईंचा ‘तबलजींना विचारावे’ हा शेरा पंधरा वर्षांनी मला कळला. दुसऱ्या दिवशी काकांना भेटून क्षमा मागितली. ते म्हणाले, “तुमचं ‘नाही’ बरोबरच होतं, ताई. तिथं तुम्हाला गाता आलं नसतं, आणि वाजवण्यात मलाही काही गोडी नव्हती. फक्त ते मला त्याच दिवशी कळायला हवं होतं. नाचाचा कार्यक्रम तरी हाताशी राहिला असता.”

तेव्हापासून मी कोणालाही फोनवर उत्तर देत नाही. “उद्या सकाळी कळवते,” म्हणते. त्या रात्री साथीदारांशी बोलते. आणि तारीख धरून ठेवायला सांगितली, नंतर कार्यक्रम माझ्या बाजूने मोडला, तर त्यांची निम्मी रक्कम मी देते. ह्यांना हे आधी जरा जड गेले. पण पाटल्यांची गोष्ट ऐकल्यावर ते काही बोलले नाहीत. वहीत आणखी एक रकाना मात्र आखला.

फुकट कोणासाठी?

“मानधन देता येणार नाही, पण तुमचं नाव होईल.” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याची चाल बांधून द्यावी.

फुकट गायला माझी ना नाही. मिरजेला मीरासाहेबांच्या दर्ग्यात, १९३७ साली गेलेल्या खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणार्थ दर उरुसाला गाणे होते. तिथे गवई हजेरी लावायला जातात. बिदागीची भाषा तिथे नसते. किराण्याचे गाणे गळ्यावर चढलेल्या माणसाने तिथे पैसे मोजायचे नसतात, हे कोणी सांगावे लागत नाही. १९२१ च्या जुलैमध्ये मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोन प्रतिस्पर्धी नटांनी एकत्र ‘मानापमान’ केले, ते टिळक स्वराज्य फंडासाठी. पुढे तीन महिन्यांतच केशवराव गेले. तो प्रयोग पाहिलेली माणसे जन्मभर त्याविषयी बोलत राहिली. पैसे कोठे जाणार आहेत, हे त्या रात्री थिएटरातल्या शेवटच्या माणसालाही माहीत होते.

माझा झगडा आहे तो दुसऱ्या फुकटाशी. मांडववाल्याचे पैसे दिलेले असतात, फुलवाल्याचे दिलेले असतात, नाश्त्याच्या उपम्याचे दिलेले असतात. फक्त गाण्याचे नसतात. अशा वेळी मी आता विचारते, “उपमा करणाऱ्यांचंही नाव होणार आहे का?” बहुतेक फोन तिथेच संपतात.

२०२० च्या मार्चपासून सगळेच बंद झाले, तेव्हा मी फोनच्या कॅमेऱ्यासमोर बसून अकरा वेळा फुकट गायले. लोक घरात कोंडलेले, भ्यालेले. त्यांना गाणे हवे होते आणि मलाही ऐकणारे हवे होते. त्याचे मला वाईट वाटत नाही. पण काकांचा तबला त्यात कोठेच नव्हता; यंत्रातला ठेका होता. बारावे बोलावणे आले तेव्हा मी म्हणाले, दोघांना बोलावता येईल तेव्हा येईन.

सही करण्यापूर्वी

१९९६ साली एका कंपनीसाठी मी अभंगांची कॅसेट केली. एकरकमी ७,००० रुपये मिळाले. केवढा आनंद! त्यात आम्ही धुण्याचे यंत्र घेतले. करारपत्र तीन पानी इंग्रजी होते. मी शेवटच्या पानावर सही केली आणि बाकीची दोन वाचली नाहीत. ती कॅसेट पुढे तबकडीवर गेली, मग यूट्यूबवर. आज आमच्या कोपऱ्यावरच्या देवळात रोज पहाटे मीच गात असते. ती ऐकणाऱ्यांचा आकडा पाहून भाचा म्हणाला, “मावशी, तू लखपती असशील!” त्या सात हजारांनंतर एक पैसाही आलेला नाही. २०१२ साली कॉपीराइटचा कायदा सुधारला. ध्वनिमुद्रणाचा व्यापारी उपयोग झाला तर गाणाऱ्या-वाजवणाऱ्यालाही रॉयल्टीचा हक्क आहे, हे त्यात आले. पण माझी सही १९९६ ची. धुण्याचे यंत्रही केव्हाच मोडीत गेले.

कोणते गाणे किती दूर जाईल, हे गाताना कोणालाच कळत नाही. केसरबाई केरकरांचा कटाक्ष प्रसिद्ध आहे. कोठे गावे आणि कोणापुढे गावे याबाबत त्या फार काटेकोर. अशा केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानांबरोबर सूर्यमालेच्या बाहेर निघाली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात केसरबाई गेल्या. उलट बालगंधर्व कर्जाच्या ओझ्याखाली ‘प्रभात’मध्ये गेले, १९३५ साली ‘धर्मात्मा’ केला, आणि पुढच्या चित्रांचा बेत सोडून पुन्हा रंगभूमीवर आले. समोर श्रोते नसताना गाणे त्यांना मानवले नसावे. हिशेबाने पाहिले तर तो निर्णय वेडेपणाचा होता. पण हिशेब माझे हे करतात. मला बालगंधर्वांना नावे ठेववत नाहीत.

आणि माझेही अंदाज चुकतात. माझ्या एका शिष्येला बावीसाव्या वर्षी दूरदर्शनवरच्या गाण्याच्या स्पर्धेचे बोलावणे आले. चार महिने सगळे सोडून जायचे, आणि नंतर काही वर्षे त्यांच्या परवानगीशिवाय कोठे गायचे नाही, असा कागद. मी स्पष्ट ‘नको’ म्हणाले. कागद तरी वकिलाला दाखव म्हणाले. तिने दाखवला, वकिलांनी दोन कलमे बदलून घेतली, आणि ती गेली. चौथ्या फेरीत बाहेर पडली. मला वाटले होते, गळ्याची नासाडी करून येईल. ती आली ती माईकसमोर कसे उभे राहावे, वादकांशी कसे बोलावे आणि नको त्याला गोड शब्दांत कसे नको म्हणावे, हे शिकून. आज तिच्याकडे माझ्यापेक्षा जास्त कार्यक्रम असतात. विलंबितात ती अजून घाई करते. पण ती आधीही करीत होती.

यंदाची नरक चतुर्दशी

यंदा एकाच आठवड्यात दोन फोन आले, एकाच पहाटेसाठी.

पहिला ठाण्याजवळच्या एका मोठ्या गृहसंकुलातून. ७५,००० रुपये, गाडी त्यांची, निम्मे पैसे न मागता आधी. दीड तासात सोळा गाणी. तीही त्यांनीच निवडलेली. कीबोर्ड, ढोलकी आणि दोन गाण्यांच्या मध्ये मुलींचे नाच. “राग नको हं ताई, सकाळी लोक फ्रेश मूडमध्ये असतात.” बोलणारा मुलगा फार नम्र होता. त्याला नावे ठेवण्यासारखे काहीच नव्हते. जे पाहिजे ते त्याने स्वच्छ सांगितले.

दुसरा कृष्णाकाठच्या एका गावातल्या वाचनालयाचा. बिदागी १५,०००, साथीदारांचे ते वेगळे देणार, मुक्काम चिटणिसांच्या घरी. तिथे मी नऊ वर्षांपूर्वी गायले होते. चिटणीस म्हणाले, “त्या वेळचा भटियार अजून लोक काढतात. या खेपेला ललत ऐकवाल का? घाई नको, उजाडेपर्यंत एकच राग चालेल.” मी जुनी वही काढून पाहिली. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या ओळीपुढे ‘उरले’च्या रकान्यात होते १,१००, आणि ‘पुन्हा?’पुढे, माझ्याच अक्षरात, ‘हो, हो.’

मी दोघांनाही “उद्या सकाळी कळवते” म्हणाले आणि रात्री काकांच्या मुलाला फोन केला. मनगट दुखू लागल्यापासून काकांनी साथ सोडली आहे; गेली काही वर्षे मुलगाच माझ्याबरोबर असतो. तो मला मावशी म्हणतो. थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “मावशी, खरं सांगू? मला ठाण्याचं हवं होतं. घराचा हप्ता आहे, आणि दिवाळी आहे.” त्याने खरे सांगितले याचा मला आनंद झाला, आणि झोप मात्र लागली नाही. पंच्याहत्तर हजारांचे गाणे मी गाऊ शकले असते. सोळा गाणी मला येतात. पण ललत उजाडेपर्यंत गायला सांगणारे लोक माझ्या साठीच्या उंबरठ्यावर आणखी किती वेळा फोन करणार आहेत, हा हिशेब ह्यांनाही मांडता येईना.

सकाळी मी ठाण्याला फोन केला आणि माझ्या त्या शिष्येचे नाव सुचवले. अट एकच, तबल्याला हा मुलगा हवा. नम्र मुलगा इतका खूश झाला, की त्याला मुळात तीच हवी असावी आणि मी स्वस्त पडेन म्हणून मला विचारले असावे, अशी मला शंका आली. थोडे लागले. शिष्येने बिदागी नव्वद हजारांवर नेली, हे नंतर कळले तेव्हा आणखी थोडे लागले.

राहिला प्रश्न वाचनालयाच्या तबल्याचा. दिवाळीच्या पहाटे मोकळा तबलजी मिळणे म्हणजे दिवाळीच्या पहाटे मोकळा न्हावी मिळण्यासारखे. चार जणांना विचारले, चौघेही अडकलेले. पाचवा फोन मला आला. काकांचा.

“ताई, मुलाकडून कळलं. ललत आहे म्हणे?”

“हो काका.”

“विलंबित एकतालच ना? मग माझ्या मनगटाला झेपेल. द्रुताला जरा सांभाळून घ्या.”

मी काय बोलणार! काका बहात्तर वर्षांचे आहेत. पंधरा हजारांत मी आणि वाचनालयाच्या पाकिटात ते, असा हा कार्यक्रम. गाडी आम्ही दुपारीच काढणार आहोत. काकू फराळाचा डबा देणार आहेत आणि ह्यांनी ‘ड्रायव्हरचे जेवण’ या रकान्यात त्या डब्यातल्या दोन करंज्या आधीच धरल्या आहेत. काल रात्री काकांचा पुन्हा फोन आला. माळ्यावरून तबला काढला होता. मागे ठाकठोक ऐकू येत होती.

“ताई, एक विचारायचं राहिलं. पट्टी अजून काळी चारच ना? की वयाबरोबर पांढरी पाचवर आलात? तसं असेल तर दुसरा तबला काढतो.”